फणसाडचे रान आणि बंदुकीचा हक्क

मुरूडच्या मागच्या डोंगरांतल्या फणसाडच्या रानाबद्दल एक सोपी कथा सांगितली जाते. पूर्वी इथे जंजिऱ्याचे नवाब शिकार करीत, पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि बंदुका थंडावल्या. कथेची दोन्ही टोके खरी आहेत, मधला भाग मात्र तिच्यातून गळतो. रायगडच्या किनाऱ्यावर मोठे जनावर कुणी मारावे, हा प्रश्न मुळात रानाच्या मालकीचा होता. मालक बदलला की शिकारीही बदलला. जनावरांची संख्या आणि कायद्याची कलमे बहुधा त्यामागून आली.

एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध घ्या. कुंडलिकेच्या खाडीच्या उत्तरेला, अलिबागकडे, आंग्र्यांचे राज्य खालसा होऊन ब्रिटिशांचा कुलाबा जिल्हा झाला होता. दक्षिणेला मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन धरून सिद्दी नवाबांचे सुमारे ३२४ चौरस मैलांचे जंजिरा संस्थान होते. ब्रिटिश मुलखात वाघ हे उपद्रवी जनावर. त्याला मारणाऱ्याला सरकार बक्षीस देई. पण बंदूक बाळगायची तर १८७८ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना हवा, आणि तो साहेबाला जितका सहज मिळे तितका रयतेला मिळत नसे. संस्थानात राखीव रानातली शिकार नवाबाची आणि त्याच्या पाहुण्यांची. म्हणजे एकच वाघ, खाडीच्या एका तीरावर बक्षिसाचा आणि दुसऱ्या तीरावर दरबारी मानाचा विषय. दोन्हीकडे बहुसंख्य लोकांच्या वाट्याला हाकाच येई: ढोल-डबे वाजवीत रान उठवायचे आणि मचाणावरच्या बंदुकीसमोर जनावर आणून सोडायचे.

यावर कुणी म्हणेल, नवाबांनी रान राखले म्हणून तर ते आज उभे आहे. हे मान्य करायलाच हवे. मुंबईची लाकूडफाट्याची आणि कोळशाची भूक या किनाऱ्याच्या इतक्या जवळ असताना सलग झाडी टिकली, यात शिकारखान्याचा वाटा मोठा आहे. मात्र राखण्यामागचा हेतू आणि त्याचे फळ यांची गल्लत नको. रान राखले ते सांबर आणि वाघ इतरांच्या हाती पडू नयेत म्हणून. त्याची किंमत मोजली ती रानावर जगणाऱ्यांनी. खैराच्या लाकडापासून कात काढणाऱ्या कातकऱ्यांची जंगले एकोणिसाव्या शतकात वनखात्याच्या नियमांनी बंद होत गेली, आणि सशा-घोरपडीवर निभावणारा हा समाज चोरट्या शिकारीच्या आरोपाला कायमचा जवळ आला. मोठ्या शिकारीची ‘संधी’ त्याला कोणत्याच राजवटीत नव्हती, त्यामुळे ती गेल्याचे दुःख त्याने करावे अशी अपेक्षाही गैर ठरेल.

१९४८ मध्ये जंजिरा मुंबई राज्यात विलीन झाला आणि नवाबाचा एकाधिकार संपला. यानंतरची दोन-तीन दशके कथेतून हमखास वगळली जातात. राज्याने १९५१ मध्ये वन्यपशु-पक्षी संरक्षणाचा कायदा केला खरा, पण त्याचा गाभा परवाना हाच होता. देशभर याच काळात जीप, हातातला प्रखर दिवा आणि पीकसंरक्षणाच्या नावाखालची बंदूक यांनी शिकार सोपी केली. दरबाराला हाक्यासाठी गावेच्या गावे लागत. जीपवाल्याला एक रात्र पुरे. वाघांच्या शिकारीवर बंदी आली ती १९७० मध्ये. एवढेच काय, १९७२ च्या कायद्यातही मोठ्या शिकारीच्या परवान्याची तरतूद होती, आणि ती पुसली गेली १९९१ च्या दुरुस्तीने. तोवर, १९८६ साली, नवाबांचे राखीव रान अभयारण्य झाले होते. आज तिथे बिबट्या, सांबर, भेकर, रानडुक्कर आणि शेकरू आहेत, वाघ नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नामिबियात परदेशी शिकाऱ्यांकडून पैसे घेऊन ते जनावरे राखणाऱ्या गावांना दिले जातात, मग इथे का नको? तिथली कित्येक सामुदायिक क्षेत्रे हजारो चौरस किलोमीटरची आहेत. फणसाडचे रान पन्नासच्या थोडे पुढे, गावे आणि बागायतींनी वेढलेले. इतक्या लहान रानात दरसाल मारता येतील असे नर सांबर निघणार तरी किती? शिवाय तिथे जनावरावर गावाचा हक्क आधी मान्य झाला आणि मग शिकार विकली गेली. आपल्याकडे तो हक्क नवाबाकडून थेट सरकारकडे गेला. गाव मध्ये कुठेच आले नाही. भातात रानडुकरे शिरली तर वनखात्याची परवानगी काढून ती मारण्याची सोय शेतकऱ्याला आहे, आणि कायदेशीर बंदुकीला आता जवळजवळ तेवढीच वाट उरली आहे. त्यातही मेलेले डुक्कर शेतकऱ्याचे होत नाही. कायद्याने ते सरकारजमा होते.