ताळेबंदाचे वाचन



मी मराठीचा अध्यापक. मी वाणिज्यशिक्षणाविषयी बोलावे, याचे कोणास आश्चर्य वाटल्यास ते योग्यच होय. परंतु ताळेबंद हाही एक मजकूरच असतो. आणि मजकुरात काय सांगितले आहे व काय वगळले आहे, हे शोधण्यातच माझे आयुष्य गेले. तेवढ्या अधिकाराने वाणिज्याच्या विद्यार्थ्यात चिकित्सक बुद्धी कशी घडते, याचा थोडा इतिहास आपणापुढे मांडतो.

या इतिहासात १९१३ हे वर्ष फार बोलके आहे. त्या वर्षी मुंबईत सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी, त्याच शहरातील इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यापायी बुडाली व ठेवीदार हवालदिल झाले. रोजकीर्द आणि खतावणी यांचा मेळ बसविणे शिकायलाच हवे. पण पैसा कोणत्या व्यवहारात गुंतला आहे, हेही कोणीतरी विचारावेच लागते.

त्याच वर्षी आपल्या वडोदऱ्याच्या श्रीमंत सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांना जॉन ड्युई हे गुरू लाभले. विचाराचा उगम शंकेत असतो, असे मानणारे हे तत्त्वज्ञ. आणि १९१३ मध्येच केन्स यांचा भारतीय चलनावरील ग्रंथ निघाला. हिंदुस्थानातील सुवर्ण विनिमय पद्धतीचे त्यात समर्थन होते.

पुढे १९१८ ते १९२० या काळात डॉ. आंबेडकरांनी सिडनहॅममध्ये अर्थशास्त्र शिकविले, आणि मग ते लंडनला परतले. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुपयाविषयीच्या प्रबंधात त्यांनी केन्स यांच्या मताला आव्हान दिले. विनिमयाचा दर स्थिर राहिला म्हणजे रुपया स्थिर झाला, असे नव्हे. त्या रुपयाला बाजारात किती माल मिळतो, ते पाहा, असा त्यांचा आग्रह होता. सर्वांनी गृहीत धरलेले मापच त्यांनी तपासायला घेतले.

मला अधिक मोलाची वाटते ती या ग्रंथाची प्रस्तावना. ती लिहिली त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी. शिष्याचे पुष्कळसे युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत, हे त्यांनी प्रस्तावनेतच स्पष्ट नोंदविले, आणि तरीही त्याच्या विचारांतील ताजेपणाचे स्वागत केले. मतभेद लपविला नाही, की शिष्याला अडविलेही नाही. चिकित्सा शिकविणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

१९६१ मध्ये अहमदाबादेत भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. हार्वर्डच्या सहकार्याने तेथे प्रत्यक्ष उद्योगांतील प्रकरणे वर्गात चर्चेला येऊ लागली. घोकंपट्टीला हा उत्तम उतारा होय. मात्र प्रकरणातील माहिती आधीच कोणीतरी निवडलेली असते. तिच्या आधारे निर्णय घेणे ही एक पायरी. ती कोणी निवडली, कोणाचा तोटा तीत नोंदलाच गेला नाही, हे विचारणे ही पुढची. पहिल्या पायरीवर हुशार व्यवस्थापक घडतो. दुसरीवर ज्याच्या हाती ठेवीदाराने निर्धास्तपणे पैसा सोपवावा, असा माणूस घडतो.

आपणांपैकी अनेकजण बँकांत, पेढ्यांत, कारखान्यांत अधिकारपदांवर आहेत. हाताखालचा तरुण हिशेबावर शंका काढील, तेव्हा त्याचे म्हणणे आपणास पटले नाही तरी ते पुरते ऐकून घ्यावे. शाळेने दिलेल्या विद्येची ती परतफेड ठरेल.