गाणी भरून मिळतील

'गाणी भरून मिळतील' अशी पाटी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांवर दिसायची, त्याला फार वर्षं झालेली नाहीत. आपण कार्ड द्यायचं, दुकानदार ते संगणकाला लावायचा, चहा संपेपर्यंत चारशे गाणी खिशात.

खिशातल्या डिजिटल प्लेअरचा इतिहास एरवी कंपन्यांच्या नावांनी सांगितला जातो. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी कानाला न जाणवणारा भाग गाळून आवाजाची फाइल दहा-अकरा पट लहान करण्याची रीत बसवली. फाइलच्या नावामागचं 'एमपीथ्री' हे शेपूट १९९५ साली ठरलं. १९९८ मध्ये दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा 'एमपीमॅन' आला आणि त्याच वर्षी अमेरिकेत 'रिओ'. रिओत जागा ३२ एमबी, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचं गाणं. तरीही ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी खटला भरलाच. १९९९ मध्ये त्या हरल्या. २००१ साली हजार गाण्यांचा आयपॉड आला.

कोल्हापुरात आयपॉड हाताळलेली माणसं मला बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. आमचा प्लेअर म्हणजे एका बारक्या सेलवर चालणारा, पेनड्राइव्हएवढा बिननावाचा चिनी डबा. पुढे कार्डाचा मोबाइल आला. रंकाळ्यावर फिरणाऱ्यांच्या वरच्या खिशात तो वाजायचा, गोठ्यात धारेच्या वेळी खुंटीला लटकायचा. ऊस हंगामात ट्रॅक्टरवर पेनड्राइव्ह लागायचा. त्याचा आवाज मात्र खिशापुरता राहायचा नाही, हे या भागात रात्री झोपू पाहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. कुणी काय ऐकायचं हे बऱ्याच अंशी गाणी भरणाऱ्या पोरानं ठरवलं. 'भक्ती', 'लावणी', 'जुनी हिंदी', 'डीजे' हे त्याचे फोल्डर. या इतिहासातला खरा माणूस तोच, असं मला वाटतं.

त्याच्याकडेच मी २००९ मध्ये वडिलांच्या कॅसेटी नेल्या. रेडिओवरून आणि घरगुती बैठकांतून त्यांनी टेप केलेलं गाणं होतं. अल्लादियाखाँसाहेबांना शाहू महाराजांनी आश्रय दिला, त्यामुळं जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं या गावच्या कानात मुरलेलं. या घराण्याची ओळखच अनवट आणि जोडरागांची. त्यामुळं प्रत्येक कॅसेटच्या कागदावर वडिलांच्या बारीक अक्षरात राग, गायक, तबल्याला कोण आणि तारीख. आठवड्यानं कार्ड मिळालं. त्यात 'ट्रॅक ०१' ते 'ट्रॅक ४६'. आवाज स्वच्छ होता. मी खूश झालो आणि कॅसेटी कागदांसकट रद्दीत दिल्या. दुकानदारानं तसं सांगितलं नव्हतं. तो शहाणपणा माझाच.

नावं फाइलमध्ये मावतच नव्हती असं नाही. १९९६ पासून एमपीथ्रीच्या शेवटी १२८ बाइटची एक चिठ्ठी जोडता येत होती: गाण्याचं नाव ३० अक्षरं, कलाकार ३०, अल्बम ३०, वर्ष ४, शेरा ३०, उरलेल्यात चिठ्ठीची खूण आणि संगीतप्रकाराचा आकडा. रागाला वेगळा रकाना नाही, तबलजीला नाही, देवनागरीची सोय नाही. ती बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तीन-चार मिनिटांचं इंग्रजी गाणं होतं. पाऊण तासाचा ख्याल नव्हता. तरी शेऱ्याच्या तीस अक्षरांत 'Raga' लिहून निदान रोमनमध्ये रागाचं नाव बसलं असतं. पण इथं त्या रकान्यात बहुधा काहीच नसे, नाहीतर दुकानाचं नाव आणि फोन नंबर. माझ्या सेहेचाळीसही फाइलींत कलाकार म्हणून त्या दुकानाचंच नाव आहे.

गेली दोन वर्षं वडिलांचे एक स्नेही दर रविवारी येतात. वय ऐंशीच्या पुढं, कान शाबूत. डोळे मिटून ऐकतात, गायक ओळखतात, राग सांगतात, मी वहीत लिहितो. एकतीस ट्रॅक लागले. बावीस नंबरवर मात्र आमची गाडी अडलीय. गळा बाईंचा आहे, खोलीत कुणीतरी खोकतं, आणि मध्येच 'वा' म्हणणारा आवाज वडिलांचा आहे.