योकोहामा येथील परकीय तरुणांचा रविवार (१८५९–१८९९)

तहबंदरांच्या इतिहासात सामान्यतः आयात-निर्यात, जकातीचे दर आणि वकिलातींचा पत्रव्यवहार यांचाच विचार होतो. हे स्वाभाविकही आहे. बंदरे उघडली गेली ती व्यापारासाठी. परंतु योकोहामाच्या पहिल्या चाळीस वर्षांचा इतिहास पाहू लागले की एक निराळीच गोष्ट नजरेत भरते. रेशीम आणि चहा यांच्या सौद्यासाठी परकीय व्यापाऱ्याला वसाहतीची वेस ओलांडण्याचे फारसे कारण नव्हते. जपानी व्यापारी स्वतःच माल घेऊन त्याच्या वखारीच्या दारी येत असे. वेस ओलांडावीशी वाटे ती सुटीच्या दिवशी. तहनाम्यातील जे कलम पुढे सर्वांत तापदायक ठरले, त्याची खरी कसोटी पेढ्यांच्या कचेरीत लागली नाही. ती लागली कचेऱ्या बंद असताना घोड्यावर मांड टाकून बाहेर पडणाऱ्या तरुणांमुळे.

हे कलम प्रथम लक्षात घेतले पाहिजे. १८५८ साली अमेरिका, हॉलंड, रशिया, इंग्लंड आणि फ्रान्स या पाच राष्ट्रांशी शोगुनच्या सरकारने, म्हणजे बाकुफूने, जे तह केले त्यांत परकीयांना खुल्या बंदरापासून दहा ‘री’ अंतरापर्यंत मोकळेपणी हिंडण्याची मुभा दिलेली होती. एक री म्हणजे सुमारे चार किलोमीटर. एदो या राजधानीच्या बाजूस मात्र ही मर्यादा कावासाकीजवळील रोकुगो नदीवरच थांबे. तहात नाव होते कानागावाचे. परंतु कानागावा हे एदोहून क्योतोला जाणाऱ्या तोकाइदो या राजमार्गावरचे मुक्कामाचे ठिकाण. त्या मार्गावरून दाइम्यो, म्हणजे मोठे सरंजामदार, आपल्या लवाजम्यासह येत-जात असत. तेव्हा बाकुफूने खाडीपलीकडील योकोहामा या कोळ्यांच्या खेड्यात धक्के बांधले, घरे उभारली आणि १८५९ च्या जुलैत व्यापाऱ्यांना तेथेच नेऊन बसविले. वकिलांनी तक्रार केली की नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर डचांना जसे दोन शतके कोंडून ठेवले तसाच हा डाव आहे. व्यापाऱ्यांना मात्र खोल पाण्याचे बंदर पसंत पडले आणि वकिलांचा निषेध कागदावरच राहिला. पुढे वसाहतीभोवती कालवा खोदून पुलांवर चौक्या बसविण्यात आल्या. आतल्या भागाला ‘कान्नाई’, म्हणजे नाक्याच्या आतले, हे नाव पडले ते यामुळेच. आजही तो भाग त्याच नावाने ओळखला जातो.

या नाक्याच्या आत राहणारे लोक बहुतांशी तरुण होते. पेढ्यांतील कारकून, चहाची प्रत पारखणारे, रेशमाचे तपासनीस, बँकांतील उमेदवार, वकिलातीतील शिकाऊ दुभाषे आणि १८६३ नंतर डोंगरावरच्या छावणीतील इंग्रज व फ्रेंच लष्करी अधिकारी, असा हा समाज. अनेक जण हाँगकाँग किंवा शांघाय येथून आलेले होते. मुंबईशीही धागा होता: १८६३ साली योकोहामात पहिली परकीय बँक उघडली ती मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या ‘सेंट्रल बँक ऑफ वेस्टर्न इंडिया’ हिची. मुंबईच्या कापूसतेजीवर फुगलेल्या अनेक संस्थांप्रमाणे ती १८६६ मध्ये बुडाली. कामाचा वेग टपालाच्या आगबोटीवर अवलंबून असे. बोट यायची असली की रात्री-अपरात्रीपर्यंत पत्रे लिहिणे, बोट सुटली की रिकामपण. परकीय स्त्रिया फार थोड्या. संध्याकाळी बिलियर्ड, पत्ते आणि मद्य. आणि दलदल बुजवून बाकुफूनेच वसविलेली मियोझाकी ही गणिकांची वस्ती. या वस्तीची स्थापना ही बंदराच्या सोयींचाच एक भाग मानली गेली होती, आणि तेथे आणलेल्या मुलींचा विचार ना बाकुफूने केला ना तिच्या परकीय गिऱ्हाइकांनी. १८६६ च्या नोव्हेंबरातील मोठ्या आगीत ती वस्ती जळून गेली. त्याच जागेवर पुढे १८७६ साली सार्वजनिक उद्यान झाले.

अशा कोंडलेल्या जीवनात रविवारच्या रपेटीला केवढे महत्त्व असेल हे समजणे कठीण नाही. कामाकुराची विशाल बुद्धमूर्ती, एनोशिमा बेट, कानाझावाची खाडी, कावासाकीचे मंदिर ही सर्व ठिकाणे दहा रींच्या आत होती. घोडा भाड्याने मिळे, वाटेवरच्या चहाघरांतून स्वागत होई. अर्नेस्ट सॅटो हा पुढे जपानविद्येत नाव मिळविलेला इंग्रज ८ सप्टेंबर १८६२ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, शिकाऊ दुभाषा म्हणून योकोहामात उतरला. त्यानंतर सहाच दिवसांनी, १४ सप्टेंबरला, रविवारी, नामामुगीचा प्रसंग घडला.

चार्ल्स रिचर्ड्सन हा तिशीच्या आतला शांघायचा व्यापारी मायदेशी परतण्यापूर्वी जपान पाहण्यास आला होता. योकोहामातील क्लार्क व मार्शल हे दोन व्यापारी आणि हाँगकाँगहून आलेल्या श्रीमती बॉराडेल यांच्यासह तो तोकाइदोवरून कावासाकीच्या मंदिराकडे निघाला. नामामुगी गावाजवळ समोरून सात्सुमा संस्थानच्या दाइम्योचे वडील शिमाझू हिसामित्सू यांची स्वारी आली. अशा वेळी घोडेस्वाराने खाली उतरावे, सामान्य जनांनी मस्तक जमिनीला टेकावे, हा रिवाज होता. ही मंडळी उतरली नाहीत. घोडे स्वारीच्या रांगेत घुसले, तलवारी निघाल्या. रिचर्ड्सन ठार झाला. क्लार्क व मार्शल जखमी होऊन कानागावाच्या अमेरिकन वकिलातीत पोहोचले, तेथे हेपबर्न या मिशनरी वैद्याने त्यांच्यावर उपचार केले. श्रीमती बॉराडेल यांनी योकोहामा गाठले.

या घटनेची चर्चा पुष्कळदा रिचर्ड्सनच्या उद्दामपणावर किंवा सामुराईंच्या क्रौर्यावर येऊन थांबते. तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. तहनाम्याच्या दृष्टीने पाहता रिचर्ड्सन पूर्णपणे हक्काच्या जागी होता: नामामुगी रोकुगो नदीच्या अलीकडे आहे. दाइम्योची स्वारी आल्यास घोड्यावरून उतरावे असे तहात कोठेही लिहिलेले नव्हते. उलट सात्सुमाच्या सरदारांच्या दृष्टीने तो तह बाकुफूने केलेला होता, त्यांनी नव्हे. आणि राजमार्गावरील मर्यादा तहाहून जुनी होती. म्हणजे एकाच रस्त्यावर दोन कायदे चालत होते. आठवडाभर त्यांची गाठ पडण्याचे विशेष कारण नव्हते. सुटीच्या दिवशी ती पडली. त्याच स्वारीसमोर त्याच दिवशी यूजीन व्हॅन रीड हा अमेरिकन आला होता. तो घोड्यावरून उतरून बाजूस उभा राहिला आणि सुखरूप गेला. तेव्हा संकट अटळ होते असेही म्हणवत नाही. व्हॅन रीडला जपानी भाषा आणि रीतिरिवाज यांची ओळख होती, रिचर्ड्सन पाहुणा होता. फरक बहुधा एवढाच.

वसाहतीतील तरुणांनी त्या रात्री तत्काळ सूड घेण्याची मागणी केली. प्रभारी वकील कर्नल नील यांनी ती मानली नाही, आणि त्याबद्दल त्यांना बराच दोष सोसावा लागला. त्यांचा निर्णय शहाणपणाचा होता असेच आज म्हणावे लागते, कारण वसाहतीजवळ मोठ्या लढाईला पुरेल एवढे बळ नव्हते. पुढे इंग्लंडने बाकुफूकडून एक लक्ष पौंड दंड वसूल केला, ऑगस्ट १८६३ मध्ये सात्सुमाच्या कागोशिमा या राजधानीवर तोफा डागल्या, आणि सात्सुमाने पंचवीस हजार पौंड भरले. एका रविवारच्या सहलीची ही किंमत. कागोशिमातील होरपळलेली घरे ज्यांची होती त्यांपैकी बहुतेकांनी परकीय माणूस कधी पाहिलाही नसेल. नोव्हेंबर १८६४ मध्ये बाल्डविन व बर्ड हे दोन इंग्रज लष्करी अधिकारी कामाकुराची मूर्ती पाहून परतताना मारले गेले. तीही सहलच होती.

बाकुफूने यातून घेतलेला धडा मार्मिक आहे. परकीयांना सहलीपासून रोखता येत नाही, तर त्यांना तोकाइदोपासून दूर दुसरी करमणूक द्यावी. १८६४ च्या डिसेंबरात वकिलांशी झालेल्या बारा कलमी करारात घोड्यांच्या शर्यतीचे मैदान आणि फेरफटक्यासाठी रस्ता यांची तरतूद होती. नेगिशी येथील टेकडीवर ते मैदान १८६६ मध्ये तयार झाले आणि १८६७ च्या जानेवारीत तेथे पहिल्या शर्यती झाल्या. १८६८ मध्ये क्रिकेट क्लब निघाला, १८७० मध्ये यामाते टेकडीवर परकीयांसाठी उद्यान झाले. ‘पाश्चात्त्य जीवनाचा सहज प्रसार’ म्हणून या गोष्टींचे वर्णन केले जाते. त्यांपैकी निदान पहिल्या दोन गोष्टींच्या मुळाशी मात्र संरक्षणाचा हिशेब होता.

१८६८ च्या राज्यक्रांतीनंतर तलवारीचे भय ओसरले आणि प्रश्नाचे रूप बदलले. आता तरुणांना दहा रींच्या पलीकडचे हाकोने, निक्को, फुजी खुणावू लागले. फुजीवर ब्रिटिश वकील ऑल्कॉक १८६० मध्येच चढून आले होते, पण तो राजदूताचा विशेष अधिकार. सामान्य परकीयांसाठी १८७४ च्या नियमांनी परवान्याची पद्धत सुरू झाली. परवाना मिळे तो आरोग्य, वनस्पतिशोध किंवा शास्त्रीय संशोधन या कारणांसाठी. त्यामुळे ठणठणीत प्रकृतीचे कारकून ‘आरोग्यासाठी’ हाकोनेच्या उन्हाळ्यांत डुंबण्यास जाऊ लागले. मियानोशिता येथील फुजिया हॉटेल १८७८ साली उघडले ते याच गिऱ्हाइकांच्या भरवशावर. परवान्यावरील अटी वाचनीय आहेत: रानात आग पेटवू नये, घोड्यावर बसून आग पाहण्यास जाऊ नये, शेतांतून जाऊ नये, देवळांच्या भिंतींवर लिहू नये. अटींवरून अपराधांची कल्पना येते. मराठीत रूढ झालेल्या ‘रिक्षा’ या शब्दाचे मूळ असलेली ‘जिन्रिकिशा’ याच काळात निघाली आणि घोड्याची जागा तिने व १८७२ मध्ये सुरू झालेल्या योकोहामा-शिंबाशी रेल्वेने घेतली. १८८१ मध्ये सॅटो व हॉज यांनी मध्य व उत्तर जपानचे प्रवासमार्गदर्शक प्रसिद्ध केले. सुटीतील भटकंती अशा रीतीने विद्येच्याही उपयोगी पडली.

येथे भारतातील गिरिस्थानांची आठवण होणे साहजिक आहे. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरान शोधले, तेव्हा तेथे जाण्यास कोणाच्या परवान्याची अपेक्षा नव्हती. योकोहामाच्या तरुणाला मात्र हाकोनेला जाण्यासाठी जपानी सरकारचा कागद खिशात ठेवावा लागे. वसाहतवादी राज्य आणि तहबंदर यांतील भेद या कागदाच्या तुकड्यात सामावलेला आहे.

दरम्यान सुटीच जपानी झाली. पूर्वी सरकारी कचेऱ्यांना एक व सहा या अंकांच्या तारखांना सुटी असे. १८७६ च्या एप्रिलपासून रविवार हा सुटीचा दिवस आणि शनिवार अर्ध्या दिवसाचा ठरला. रविवारच्या डच नावावरून ‘दोंताकू’ हा शब्द बोलीत आला व अर्ध्या सुटीला ‘हानदोन’ म्हणू लागले. खेळांचेही तेच झाले. २३ मे १८९६ रोजी योकोहामाच्या उद्यानात तोक्योच्या पहिल्या उच्च विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी परकीयांच्या संघाला बेसबॉलमध्ये २९ विरुद्ध ४ अशा धावसंख्येने हरविले.

परवान्यांचा प्रश्न अखेरीस राष्ट्रीय राजकारणात शिरला. परकीयांवर त्यांच्याच वकिलांच्या न्यायालयात खटले चालत. हा अधिकार सोडल्याखेरीज अंतर्भाग खुला करणार नाही, ही जपानी सरकारची भूमिका होती. योकोहामाच्या व्यापाऱ्यांनी १८९० मध्ये सभा भरवून तहबदलाला विरोध केला. त्यांना हाकोनेही हवे होते आणि वकिलांचे न्यायालयही. परवाने सढळ हाताने दिले जात असल्याने त्यांना आपली अडचण जाणवत नव्हती. हीच गोष्ट हेरून १८९३ च्या डिसेंबरात जपानी संसदेतील विरोधकांनी तहाच्या काटेकोर अंमलबजावणीचा, म्हणजे परकीयांना दहा रींच्या आतच ठेवण्याचा, ठराव आणला. परराष्ट्रमंत्री मुत्सू मुनेमित्सू यांनी त्याविरुद्ध भाषण केले आणि ३० डिसेंबरला संसद विसर्जित झाली. पुढच्याच वर्षी, १६ जुलै १८९४ रोजी, इंग्लंडशी नवा तह झाला. तो अमलात आला १७ जुलै १८९९ रोजी. त्या दिवसापासून हाकोनेला जाण्यास योकोहामाच्या इंग्रजाला परवाना लागेनासा झाला. आणि वाटेत कोणाच्या शेतातून घोडा घातला तर उभे राहावे लागे जपानी न्यायाधीशासमोर.