वावडी, पतंग आणि आपले येवले

पतंग हा मुलांचा खेळ, त्याचा इतिहास कसला लिहायचा, असे कोणी म्हणेल. पण आपल्या भाषेत पतंगाला 'वावडी' हे जुने नाव आहे आणि खोट्यानाट्या बातम्या पसरल्या की आपण 'वावड्या उठल्या' म्हणतो. शब्द म्हणींत शिरला, म्हणजे ती वस्तू घराघरांत जुनी असली पाहिजे.

याहून जुनी साक्ष संत नामदेवांची. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची एकसष्ट पदे आहेत. त्यांतील एका पदात कागद आणून पतंग करणारा मुलगा येतो. तो सोबत्यांशी गप्पा मारतो, पण त्याचे चित्त दोरीपाशी असते. त्याच पदात डोक्यावर घागरी घेऊन हसत बोलत येणाऱ्या मुली आहेत आणि घरकामात गुंतूनही पाळण्यातल्या बाळाकडे लक्ष ठेवणारी आई आहे. म्हणजे सुमारे सातशे वर्षांपूर्वी कागदाचा पतंग लोकांच्या ओळखीचा होता. आणि पतंग उडवणारा व पोळ्या लाटता लाटता पाळण्याची दोरी ओढणारी बाई यांना नामदेवांनी एकाच पंगतीला बसवले, हे मला फार आवडते.

फलटणकडे पतंग नागपंचमीला उडतात. आपल्याकडे संक्रांतीला, आणि त्यातही खरी हौस बघावी ती आपल्या जिल्ह्यातल्या येवल्याची. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गावाचा मुक्काम गच्चीवर. पैठणी विणणाऱ्या या गावाला दोऱ्याची पारख उपजतच असावी! गुजराथी मंडळींनी ही हौस तिथे आणली असे सांगतात. दोरा गुंडाळायला फिरकीऐवजी बांबूच्या कामट्यांची आसारी असते. ती हातात भरभर फिरवून ढील देण्याचे नि दोरा ओढण्याचे कसब लहानपणापासून शिकावे लागते. पतंग कापला गेला की हलकडी वाजते. लेकीसुनाही गच्चीवर आसारी धरतात. खाली हळदीकुंकू नि वर पतंग, अशी वाटणी तिथे फारशी चालत नाही.

मांजाचे काम मात्र घरचेच असे. काच कुटून वस्त्रगाळ करायची, शिरस किंवा भाताची खळ शिजवायची, रंग घालायचा, दोन खांबांना सुती दोरा ताणून बोटांना चिंधी बांधून तो लेप ओढायचा. काच कुटायला घरातला खलबत्ता पळवला जाई, त्यावरून किती घरांत भांडणे झाली असतील त्याची नोंद कोणत्याच इतिहासात नाही.

परदेशात पतंगाने मोठी कामे केली आहेत. १७५२ साली अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने वादळात पतंग सोडून वीज ओळखली. राइट बंधूंनी विमानाआधी, १८९९ मध्ये, पंख पिळून तोल कसा साधतो ते पतंगावर पाहिले. १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनीने बिनतारी संदेश झेलण्याची तार पतंगानेच वर चढवली होती. पण माझ्या मनात भरली ती नायगाराची हकीकत. तिथल्या खोल दरीवर पूल बांधायचा होता, पण पहिली तार पलीकडे न्यायची कशी? १८४८ साली होमन वॉल्श नावाच्या मुलाने पतंग उडवून दोरा पलीकडे पोचवला. त्या दोऱ्याला बांधून जाड दोरी ओढली, दोरीला बांधून आणखी जाड, मग तार, आणि असे करत पूल झाला.

एका बारीक दोऱ्याने दोन काठ जोडले. आणि आपल्याकडे? सुती मांजा तुटायचा, पावसात कुजायचा. नायलॉनचा तुटत नाही, कुजत नाही. झाडावर राहिलेला वर्षभर पाखरांचे पाय नि पंख अडकवतो. जुलै २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने असल्या मांजावर देशभर बंदी घातली. तरी २०२० च्या डिसेंबरात इथे नाशिकातच दुचाकीवरून जाणाऱ्या एका बाईंचा गळा त्या दोऱ्याने चिरला आणि त्या गेल्या. ती बातमी वाचल्यापासून संक्रांतीच्या दिवसांत घरातले कोणी गाडी काढू लागले की मी आधी गळ्याला मफलर गुंडाळायला लावते. पोलीस दुकाने तपासतात, पण पैसे देऊन तो दोरा घरी आणतात ती आपलीच मुले. रीळ कसले आणले हे पाहायला पोलीस कशाला हवेत? बोटात धरून तोडून पाहावा. सहजी तुटला तर सुती.

यंदाच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे न देता साध्या सुती दोऱ्याचे रीळ द्यावे, असे मी बैठकीत सुचवले आहे. संक्रांत झाल्यावर उरलेला दोरा गोधडीला कामी येईल. खर्चाचे काय ते खजिनदारबाई बघणार आहेत.