ज्येष्ठतेची भाऊबंदकी

‘ज्येष्ठ’ हा शब्द मराठीत आपण फार सैलपणे वापरतो. वयाने मोठा तो ज्येष्ठ आणि मानाने मोठा तोही ज्येष्ठच. ‘ज्येष्ठ कवी’ म्हटल्यावर वय सांगितले की योग्यता, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. विमानकंपन्यांतील वैमानिकांच्या जगात या शब्दाला अशी मोकळीक नाही. तेथे ज्येष्ठता म्हणजे यादीतला एक क्रमांक. कोणते विमान चालवायचे, कोणत्या शहरातून उड्डाण करायचे, नाताळ घरी काढायचा की परगावच्या हॉटेलात, सहवैमानिकाचा कॅप्टन केव्हा व्हायचे आणि मंदी आली की आधी कोणी घरी बसायचे, हे सारे त्या क्रमांकावरून ठरते. नोकरी बदलली तर क्रमांक सोबत येत नाही. वीस वर्षे विमान चालवलेला कॅप्टनही दुसऱ्या कंपनीत सामान्यतः यादीच्या तळाशी उभा राहतो. अशा दोन याद्या एकत्र करण्याची वेळ आली म्हणजे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील यूएस एअरवेजचे आहे, असे आम्हांला वाटते. साहित्याच्या अभ्यासकांना विषय दूरचा वाटेल. परंतु यादी हाही एक लेखच असतो, आणि तो कोणी कसा वाचावा यावरून माणसे दहा-दहा वर्षे भांडू शकतात.

ही पद्धत मुळात आली का, हे आधी पाहिले पाहिजे. विमानटपालाच्या आरंभकाळी, १९१९ साली, धुक्यात उड्डाण करण्यास नकार दिला म्हणून अमेरिकेच्या टपालखात्याने वैमानिकांना कामावरून काढले, आणि त्यातून वैमानिकांचा पहिला संप उद्भवला. धुके किती दाट आहे हे जमिनीवर बसलेल्या अधिकाऱ्याने ठरवायचे की हवेत जाणाऱ्याने, असा तो प्रश्न होता. १९३१ मध्ये डेव्हिड बेन्के यांच्या पुढाकाराने एअर लाइन पायलट्स असोसिएशन, म्हणजे ‘अल्पा’, ही संघटना उभी राहिली. पुढे ज्येष्ठतेच्या यादीने जे मुख्य काम केले ते हे, की बढती वरिष्ठांच्या मर्जीतून काढून दिनदर्शिकेच्या हाती दिली. खराब हवेत ‘नाही’ म्हणणाऱ्या वैमानिकाला त्यासाठी मागे टाकता येणार नाही, ही त्यातली खरी सोय. गुणवत्तेचा तीत विचार नाही, अशी टीका नेहमी होते आणि ती वस्तुस्थितीला धरून आहे. पण गुण पारखण्याचा अधिकार ज्याच्या हाती जातो त्याचे भय या मंडळींना अधिक होते. ते अनाठायी होते असे आम्हांला म्हणवत नाही.

एका कंपनीपुरती ही व्यवस्था निर्धोक चालते. दोन कंपन्या एक झाल्या की दिनदर्शिकाच दोन होतात. १९७२ मध्ये अॅलेगेनी आणि मोहॉक या विमानकंपन्यांचे विलीनीकरण झाले, तेव्हा सरकारी नियामक मंडळाने अट घातली की दोन्हींकडील ज्येष्ठता न्याय्य व समतोल रीतीने एकत्र करावी आणि न जमल्यास लवादाकडे जावे. या अटींना आजही ‘अॅलेगेनी–मोहॉक’ याच नावाने ओळखतात. हीच अॅलेगेनी १९७९ मध्ये यूएस एअर झाली आणि कालांतराने यूएस एअरवेज. ज्या घरात या तंट्याचा कायदा जन्मला, त्याच घरात त्याची सर्वांत कठोर परीक्षा व्हायची होती.

ती २००५ मध्ये झाली. यूएस एअरवेज तोवर दोनदा, २००२ व २००४ मध्ये, दिवाळखोरीत गेली होती. वैमानिकांचे पगार कापले गेले होते, निवृत्तिवेतनाची योजना बंद झाली होती आणि सुमारे ५,१०० वैमानिकांपैकी सुमारे १,७०० जण बिनपगारी घरी बसले होते. दुसरी कंपनी अॅरिझोनातील अमेरिका वेस्ट. ती १९८३ मध्ये सुरू झालेली, वयाने लहान, वैमानिक सुमारे १,९००, पण हातीपायी धड. सप्टेंबर २००५ मध्ये दोन्ही एकत्र आल्या. नाव मोठ्या घराचे राहिले, कारभार धाकट्याकडे गेला. वैमानिक ‘पूर्वेचे’ आणि ‘पश्चिमेचे’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

पूर्वेच्या वैमानिकांचे म्हणणे सरळ होते : ज्याची नेमणूक आधी तो वर. पश्चिमेचे म्हणणे असे की, तुमची कंपनी बुडत होती, तुमच्या वीस वर्षांना आमच्या येण्याने किंमत आली. तेव्हा विलीनीकरणाच्या दिवशी प्रत्येकजण आपापल्या यादीत कोठे उभा होता ते पाहा. एकाने मागे घातलेला काळ मोजला, दुसऱ्याने पुढे अपेक्षित असलेला. महाभारतात गांधारीला गर्भ आधी राहिला आणि पुत्र कुंतीला आधी झाला. तेथे जन्माची वेळ प्रमाण मानून युधिष्ठिर ज्येष्ठ ठरला, तरी भांडण मिटले नाही, हे आपण जाणतोच.

दोन्ही पक्ष अल्पाचेच सभासद असल्याने संघटनेच्या नियमानुसार प्रश्न लवादाकडे गेला. लवाद होते जॉर्ज निकोलाऊ. बेसबॉल खेळाडूंविरुद्ध संघमालकांनी संगनमत केल्याच्या खटल्यांत खेळाडूंच्या बाजूने निर्णय देणारे हेच गृहस्थ. अल्पाच्या तेव्हाच्या धोरणात सेवाकाल हा स्वतंत्र निकष नव्हता. मे २००७ मध्ये त्यांनी निवाडा दिला. पूर्वेकडील सुमारे ५०० वैमानिक, जे लांब पल्ल्याची मोठी विमाने चालवीत, ते सर्वांत वर. घरी बसलेले १,७०० सर्वांत खाली. मधल्यांची दोन्ही याद्यांतील सापेक्ष स्थानानुसार सरमिसळ. परिणामी पूर्वेकडे सोळा-सतरा वर्षे नोकरी झालेला माणूस पश्चिमेकडे अगदी अलीकडे रुजू झालेल्याच्या शेजारी येऊन बसला.

निवाडा क्रूर होता, पण तर्कदुष्ट नव्हता. ज्याच्याजवळ विलीनीकरणाच्या दिवशी कामच नव्हते, त्याने दुसऱ्याच्या कामावर हक्क सांगावा कसा, या प्रश्नाला पूर्वेकडे समाधानकारक उत्तर नव्हते. परंतु त्या माणसांचा संताप केवळ लोभाचा होता असे मानणे अन्यायाचे होईल. पगार आणि निवृत्तिवेतन गेल्यावर त्यांच्याजवळ नेमणुकीची तारीख तेवढी उरली होती, आणि आता तीही प्रमाण धरली जात नव्हती.

पुढे त्यांनी जे केले ते मात्र आम्हांला समर्थनीय वाटत नाही. संख्याबळ पूर्वेचे होते. निवाडा बंधनकारक असल्याचे आधीच मान्य केलेले. म्हणून त्यांनी संघटनाच बदलली. एप्रिल २००८ च्या मतदानात अल्पा हरली आणि नेमणुकीची तारीख हेच ध्येय मानणारी यूएस एअरलाइन पायलट्स असोसिएशन प्रतिनिधी झाली. पश्चिमेचे वैमानिक फिनिक्सच्या न्यायालयात गेले. २००९ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला; २०१० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने, यादी अजून अमलातच आलेली नाही, तेव्हा तक्रार अकाली आहे, असे म्हणून तो रद्द केला. यादी अमलात यायची तर दोन्हींचा एक वेतनकरार व्हायला हवा होता, आणि करार झाला की निकोलाऊंची यादी मानगुटीवर बसणार. म्हणून करारच होईना. पूर्वेचे वैमानिक दिवाळखोरीच्या काळातील वेतनावर वर्षानुवर्षे विमाने चालवीत राहिले. पगारवाढ सोडली, क्रमांक सोडला नाही. त्यातच डिसेंबर २००७ मध्ये निवृत्तीचे वय साठावरून पासष्ट झाले आणि यादीचा वरचा भाग पाच वर्षे जागचा हलेना.

१५ जानेवारी २००९ रोजी याच कंपनीचे विमान न्यूयॉर्कजवळ हडसन नदीत उतरवले गेले व १५५ माणसे वाचली, ते सर्वांना आठवत असेल. कॅप्टन सलेनबर्गर हे स्वतः १९८८ च्या एका विलीनीकरणातून या यादीत आलेले. शेजारी बसलेले जेफ्री स्काइल्स हे पूर्वी कॅप्टन होते. कंपनी आकसली तेव्हा पुन्हा सहवैमानिक झाले. त्या खुर्च्यांची वाटणी क्रमांकाने केली होती. पुढच्याच महिन्यात सलेनबर्गर यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे आपला पगार ४० टक्के कापला गेल्याचे सांगितले.

२०१३ मध्ये यूएस एअरवेज अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाली आणि पूर्व-पश्चिम भांडण त्याहून मोठ्या यादीत ओढले गेले. जून २०१५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने नव्या संघटनेने पश्चिमेच्या वैमानिकांचे प्रतिनिधित्व न्याय्यपणे केले नाही असा निर्णय दिला. सप्टेंबर २०१६ मध्ये नव्या लवादमंडळाने तिन्ही गटांची एक यादी जाहीर केली, तोवर निकोलाऊंच्या यादीतील अनेकजण पासष्टी गाठून निवृत्त झाले होते.

निकोलाऊंचा निवाडा आला त्याच वर्षी, २००७ मध्ये, आपल्याकडे एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र झाल्या. दोन्ही १९५३ च्या एकाच कायद्याची अपत्ये. थोरलीकडे परदेशचे मार्ग, धाकटीकडे देशातले. देशातल्या मार्गांवर कॅप्टनपद तुलनेने लवकर मिळे, परदेशच्या मार्गांवर उशिरा. मग नेमणुकीची तारीख धरावी की कॅप्टन झाल्याची, हा प्रश्न येथेही उभा राहिला. २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला. निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या समितीने जानेवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. मे महिन्यात दुसऱ्या बाजूचे, मुख्यतः मुंबईचे, वैमानिक रजा टाकून घरी बसले. नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सवाल्यांना मिळू नये, ही त्यांची मुख्य मागणी. संघटनेची मान्यता गेली, शंभरावर वैमानिक बडतर्फ झाले, आणि ५८ दिवसांनी, जुलैच्या आरंभी, दिल्ली उच्च न्यायालयासमोर संप मागे घेण्यात आला. पहिले ड्रीमलायनर त्यानंतर दोन महिन्यांनी आले.