अल-बिरूनीचा तराजू

गेल्या वर्षी विज्ञानाचे सर रजेवर होते आणि त्यांचा तास माझ्याकडे आला. मी भाषेचा शिक्षक, उर्दू आणि मराठी शिकवणारा. धडा होता स्थायू, द्रव, वायू. स्थायूला स्वतःचा आकार असतो, ठरावीक आकारमान असते, तो सहजासहजी दाबला जात नाही, एवढे सांगून झाले. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, इस में अपने लोगों ने भी कुछ किया क्या?"

असे प्रश्न आले की आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक, सगळे आपणच शोधले. दुसरे, आपण काहीच केले नाही. दोन्ही आळशी उत्तरे आहेत. मी मुलांना अल-बिरूनीची गोष्ट सांगितली.

अबू रैहान अल-बिरूनी 973 साली ख्वारिज्ममध्ये जन्मला. आपल्याला तो ओळखीचा आहे 'किताब-उल-हिंद'मुळे. संस्कृत शिकून त्याने हिंदुस्थानची विद्या अरबीत नेली. पण याच माणसाने धातू आणि रत्ने पाण्यात बुडवून मोजली, हे फारसे कुणी सांगत नाही.

अडचण साधी होती. चौकोनी ठोकळ्याचे आकारमान पट्टीने काढता येते, ओबडधोबड खड्याचे कसे काढणार? बुडालेली वस्तू आपल्या आकारमानाएवढे पाणी बाजूला सारते, हे ग्रीसच्या आर्किमिडीजने तेराशे वर्षांपूर्वीच दाखवले होते. बिरूनीने त्यासाठी खास भांडे केले. खाली रुंद, वर निमुळते आणि बाजूला नळी. गळा अरुंद ठेवल्यामुळे पाणी जरासे चढले तरी कळे. खडा टाकला की नळीतून सांडलेले पाणी पारड्यात पडे आणि त्याचे वजन होई. सोन्याची घनता पाण्याच्या किती पट, याचा त्याच्या नोंदींवरून निघणारा आकडा 19.05 ते 19.26 असा सांगितला जातो. आजचा आकडा 19.3 आहे.

रत्नांच्या बाबतीत तर कमाल झाली. बदख्शानचा लाल आणि माणिक, म्हणजे याकूत, दिसायला सारखेच तांबडे. बिरूनीने दोन्ही वेगवेगळे मोजले. आजच्या मोजणीत माणकाची घनता सुमारे 4 आणि लालची सुमारे 3.6 येते. ब्रिटिश राजमुकुटातला 'ब्लॅक प्रिन्सचा माणिक' कित्येक शतके माणिक म्हणूनच मिरवला. तो निघाला लाल.

पाचू पाहिला की साप आंधळा होतो, अशी तेव्हा समजूत होती. बिरूनीने सापाच्या गळ्यात पाचूची माळ घातली, महिनोन्‌महिने पाहिले आणि सापाला काही झाले नाही असे लिहून ठेवले.

पुढे 1121 च्या सुमारास मर्वमध्ये अल-खाजिनीने 'मीजान-उल-हिकमा' हा ग्रंथ लिहिला. हा मुळात रूमी गुलाम. बिरूनीचे काम बरेचसे त्याच्यामुळेच टिकले. त्याने पाच पारड्यांच्या तराजूचे वर्णन केले आहे. शुद्ध काय आणि भेसळ काय, हे त्यावर ओळखता येई. त्याच्याआधी अस्फिजारीनेही असा तराजू बनवला होता. जुने चरित्रकार सांगतात की आपली चोरी उघडी पडेल या भीतीने खजिनदाराने तो मोडून टाकला आणि त्या दुःखात अस्फिजारी गेला.

'मीजान' म्हणजे तराजू. सूरह रहमानमध्ये हा शब्द आहे, मापात कमी करू नका अशी ताकीद आहे. ती आपण वाण्याला लावतो. स्वतःच्या इतिहासाला लावत नाही. जलशात कुणी म्हणाला की सारे विज्ञान आपल्याकडून गेले, तर आपण टाळ्या वाजवतो. बिरूनीने तो दावाही आधी पारड्यात घातला असता. आर्किमिडीजचे ऋण मानूनच तो पुढे गेला होता.

दुसऱ्या दिवशी मुलांनी मैदानातले दगड आणले. स्टीलचा पेला काठोकाठ भरला आणि सांडलेले पाणी किराणावाल्याकडून आणलेल्या काट्यावर तोलले. चार गटांचे चार आकडे आले, 2.6 पासून 3.1 पर्यंत. काठाला पाणी चिकटून राहत होते. मग ज्याने प्रश्न विचारला होता तोच म्हणाला, "सर, ग्लास का मुँह छोटा होना मंगता था."

मी त्याला फळ्यावर बिरूनीच्या भांड्याचे चित्र काढायला सांगितले.