मूलपेशी : रक्ताचा उपचार आणि मनाची आशा

१९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रोग होता रक्ताचा कर्करोग. मज्जेतील मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, नव्या रक्तपेशी घडवतात याचा भक्कम पुरावा कॅनडातील टिल आणि मॅकुलॉक यांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिला होता. त्यामुळे कोणती पेशी हवी, ती कोठे रुजेल आणि काय घडवील, हे डॉक्टरांना ठाऊक होते.

नैराश्यात अशी एखादी नेमकी पेशी हरवलेली दिसत नाही. मग मूलपेशींचा विचार तेथे आला कसा? तो आला दाहाच्या वाटेने. हेपटायटिस-सीवर इंटरफेरॉन घेणाऱ्या अनेक रुग्णांना नैराश्य येत असे. प्रतिकारसंस्थेची रसायने मनाचा तोल ढळवू शकतात, हे त्यातून उमगले. दुसरीकडे, आर्नल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये मज्जेतील एका वेगळ्या पेशीगटाला 'मेसेन्कायमल मूलपेशी' असे नाव दिले. या पेशी दाह शमवणारी द्रव्ये स्रवतात, असे पुढे आढळले. दोन्ही धागे जुळले आणि आशा जन्माला आली.

परंतु प्रत्येक नैराश्य दाहातून येत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब या दाहरोधक औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. एकूण रुग्णांत ते प्लासिबोहून सरस ठरले नाही. रक्तात दाहदर्शक सीआरपी अधिक असलेल्यांतच लाभाची चिन्हे दिसली. आणि २०१७ मध्ये खुद्द कॅप्लन यांनीच आपण दिलेले नाव बदलण्याची मागणी केली, कारण 'मूलपेशी' या शब्दाने रुग्णांची दिशाभूल होत होती.

त्याच वर्षीच्या भारतीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ठरावीक रक्तविकारांसारख्या मान्य आजारांतील रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण हाच प्रस्थापित उपचार आहे. बाकी सारे वापर परवानगी घेतलेल्या चाचणीतच व्हावेत. नैराश्याने ग्रासलेल्या कुटुंबासाठी हा भेद महत्त्वाचा आहे. औषधे आणि मानसोपचार आज उपलब्ध आहेत. ते थांबवून मूलपेशींच्या इंजेक्शनकडे वळण्याइतका पुरावा अजून नाही. कोणी तसे सुचवले, तर चाचणीची नोंदणी झाली आहे का आणि तुलनेसाठी दुसरा गट आहे का, हे आधी विचारावे.